कोंबडीच्या तळव्याला झालेलं कुरूप : औषधाआधी दाब काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : कोकणात परसात वनराज (परसासाठी काढलेली वजनदार जात) आणि गावठी मिळून डझनभर पक्षी आहेत. मोठा वनराज कोंबडा आठवडाभर लंगडतोय, त्याच्या डाव्या तळव्याला मधोमध काळी खपली आणि भोवती सूज आहे. एका तलंगेलाही, म्हणजे तरुण कोंबडीलाही, तशीच बारीक खपली दिसते. शेजारी सांगतात ब्लेडने खपली काढा आणि हळद-चुना भरा. औषधाच्या दुकानातून माणसांच्या अँटिबायोटिक कॅप्सूल मिळाल्या आहेत, त्या पिण्याच्या पाण्यात घालायच्या म्हणे. आणि घरात दोन प्रश्न चालू आहेत, अंडी खायची का आणि कोंबडा कापून टाकायचा का.

सगळ्याची उत्तरं देतो. तोवर ब्लेड ठेवून द्या आणि कॅप्सूल पाण्यात घालू नका. एका रात्रीत पाय हाताबाहेर जात नाही, पण घाईत कापलेल्या तळव्याने पक्षी गेलेले मी पुष्कळ पाहिले आहेत.

या दुखण्याला बंबलफूट म्हणतात. गावाकडे कुणी कुरूप म्हणतं, कुणी पायाचं गळू. जखमेत सापडणारा जंतू बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस असतो. तो कोंबडीच्या कातडीवर, धुळीत, खुराड्यात, आपल्या हातावरसुद्धा कायम असतो. म्हणजे तो कुठून आला हे शोधून काही हाती लागत नाही. त्याला आत शिरायला वाट कुणी दिली, हे शोधायचं. निरोगी तळव्यावर बारीक दाण्यांची खरखरीत कातडी असते. एकाच जागी सतत भार पडला की ते दाणे झिजतात, कातडी गुळगुळीत, गुलाबी आणि चकचकीत होते, मग कुठेतरी बारीक चीर पडते आणि जंतू आत जातो. मोकळ्या रानात फिरणाऱ्या पक्ष्यांत हे क्वचित आढळतं. पाळलेल्या ससाण्यांना होतं, प्राणिसंग्रहालयातल्या पेंग्विनांना होतं आणि आपल्या वजनदार कोंबड्यांना होतं. तिघांच्या नशिबी कडक, एकसारखी जमीन आणि कमी हालचाल. म्हणून मी याला आधी दाबाचं दुखणं मानतो आणि मग जंतूंचं. दाब न काढता कितीही भारी औषध लावलं तरी पाय पुन्हा तिथेच येतो.

दुसरी गोष्ट नीट समजून घ्या, कारण चुकीच्या उपचारांचं मूळ तिच्यात आहे. माणसाच्या गळवात पू पातळ होतो, पोटीस बांधलं की गळू पिकतं, फुटतं आणि वाहून जातं. पक्ष्यांचा पू पातळ होत नाही. त्यांच्या पांढऱ्या पेशींत तो विरघळवणारं विकर (एन्झाइम) नसतं, त्यामुळे आत घट्ट, कोरडा, पिवळसर गोळा तयार होतो. म्हणून कोंबडीच्या पायाला पोटीस बांधून ‘पिकायची’ वाट बघण्यात अर्थ नाही. दाबून पिळण्यातही नाही, उलट दाबल्याने संसर्ग खोल स्नायुबंधांकडे ढकलला जातो. आणि त्या गोळ्याला रक्तपुरवठा नसल्यामुळे पोटातून दिलेलं अँटिबायोटिक तिथपर्यंत पोचतच नाही. कॅप्सूल नको म्हणण्याचं हे एक कारण. दुसरं अंड्यांचं, ते पुढे येईल.

आता तपासणी. दिवेलागणीनंतर पक्षी शांत असतो, तेव्हा धरा. जुन्या टॉवेलमध्ये पंख अंगालगत गुंडाळा आणि एकाने मांडीवर घेऊन पाय पुढे काढा. छाती आवळू नका. कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड हललं तरच तिला श्वास मिळतो. वजनदार कोंबडा उताणा तर फार वेळ ठेवूच नये. हातमोजे घाला, हा जंतू आपल्या हातावरच्या जखमेतही शिरतो. हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा मोरीत करू नका, त्यासाठी वेगळी बादली ठेवा.

दोन्ही पाय धुऊन शेजारी शेजारी धरून बघा. नुसती चकचकीत लाल जागा असेल, खपली नसेल, तर औषधाची गरजच नाही, बसायची दांडी आणि जमीन सुधारा. बारीक खपली आहे, सूज जेमतेम आहे, पक्षी नीट चालतोय, ही तुमच्या तलंगेची अवस्था दिसते आणि ती घरी बरी होते. खपली मोठी आहे, तळवा फुगलाय, दुसऱ्या पायापेक्षा गरम लागतोय आणि पक्षी लंगडतोय, ही तुमच्या कोंबड्याची अवस्था. इथे आधी सात-आठ दिवस घरचा उपचार करून बघता येतो, नंतर डॉक्टर. पण सूज बोटांच्या मधून पावलाच्या वरच्या बाजूला आली असेल, घोट्याचा सांधा सुजला असेल, बोट वाकत नसेल, पक्षी पाय टेकतच नसेल किंवा खाणं सोडून पिसं फुगवून बसला असेल, तर घरी काहीही करू नका. संसर्ग स्नायुबंध, सांधा किंवा हाडापर्यंत गेलेला असू शकतो. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. वाहन मिळत नसेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

लंगडणारी प्रत्येक कोंबडी कुरुपाची नसते, हेही बघून घ्या. सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट म्हणजे धागा. सुतळीचा तंतू, गोणीचा दोरा, माणसाचा लांब केस बोटाभोवती गुंडाळला जातो आणि बोट सुजून काळं पडतं. पावलाभोवती घाण साचलेली असल्याने तो दिसत नाही, म्हणून पाय भिजवून बोटांच्या बेचक्यात नीट बघा. नडगीवरचे खवले उचलले गेलेत आणि खाली पांढरी भुकटी आहे, तर ती खवल्यांखाली राहणारी गोचिडीच्या जातीची सूक्ष्म कीड. त्यावर खोबरेल किंवा व्हॅसलीन जाड थराने लावत राहिलं की ती गुदमरून मरते. रॉकेल किंवा गाडीचं जळकं तेल लावायची पद्धत अनेक गावांत आहे, ती कृपा करून बंद करा, कातडी भाजते. एक पाय पुढे आणि एक मागे टाकून कोंबडी पसरली असेल तर मॅरेक्स या विषाणूच्या आजाराचा संशय घ्या, तळव्यात काही सापडणार नाही. आणि नडग्यांवर रक्ताळलेले डाग, तुरा निळा-काळा आणि एकामागून एक पक्षी मरतायत, असं दिसलं तर तो बर्ड फ्लू असू शकतो, हात न लावता लगेच पशुसंवर्धन खात्याला कळवा. बर्ड फ्लूचा भारतातला पहिला उद्रेक २००६ साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला होता, त्यामुळे हे दूरच्या देशातलं संकट समजू नका.

आता प्रत्यक्ष उपचार. कोंबड्याला पहिल्यांदा इतरांपासून वेगळं काढा. मोठं डालगं किंवा खोकं घ्या, तळाशी कोरडं तूस किंवा गवताचा जाड थर टाका, आणि आत बसायची दांडी ठेवू नका. त्याला उडी मारता येता कामा नये, हाच निम्मा उपचार. डालगं अशा जागी ठेवा की त्याला आपला कळप दिसेल, नाहीतर तो खाणं सोडतो आणि परत सोडल्यावर मारामाऱ्या होतात.

दिवसातून एकदा, कोमट पाण्यात पाय दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. पाणी आपल्या मनगटाला सोसेल इतपतच गरम असावं. औषधाच्या दुकानात मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे इप्सम सॉल्ट, मिळतं. लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे घाला. नाही मिळालं तर अडून राहू नका, खपली मऊ करण्याचं काम मुख्यतः पाणीच करतं. फक्त ते पाणी त्याला पिऊ देऊ नका, जुलाब होतात. नंतर पाय स्वच्छ फडक्याने टिपून कोरडा करा, बोटांच्या बेचक्यासकट. मग पोव्हिडोन आयोडिनचं द्रावण फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. बाटलीतलं तसंच दाट लावल्याने जखम जास्त स्वच्छ होत नाही, उलट नव्याने येणारी कातडी दुखावते. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतल्यानेही तेच होतं. फेस बघून बरं वाटतं, पण जखम भरायला वेळ लागतो.

तीन-चार दिवस भिजवल्यावर खपली कडेने सुटू लागते. बोटाने हलकेच सरकवल्यावर ती आपोआप आली आणि खालून पिवळा गोळाही बाहेर आला, तर उत्तम. पोकळी सलाइनने किंवा उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने धुवा आणि पट्टी बांधा. ओढावी लागली तर थांबा आणि पुन्हा भिजवा. खोदायचं नाही. तळव्याच्या गादीखालून बोटं वाकवणारे स्नायुबंध आणि रक्तवाहिन्या जातात, आणि दोन किलोच्या कोंबडीच्या अख्ख्या अंगात रक्त असतं जेमतेम सव्वाशे ते दीडशे मिलिलिटर. आपल्याला थोडं वाटणारं रक्त तिला थोडं नसतं. रक्त आलंच तर स्वच्छ गॉजने पाच मिनिटं सलग दाबून धरा, मधे उचलून बघू नका. आणि हे विसरू नका की कोंबडी ओरडली नाही म्हणजे तिला दुखत नाही असं नसतं. शिकार होणारे प्राणी वेदना लपवतात. ब्लेडने तळवा उघडणं ही शस्त्रक्रिया आहे. ती भूल देऊनच व्हावी, आणि भुलेच्या औषधाचा डोस पक्ष्यांत इतका नेमका लागतो की तो डॉक्टरांवरच सोडावा. बधिर करणारं मलम दुकानातून आणून चोपडू नका, पक्ष्यांना ते विषारी ठरू शकतं.

पट्टीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच लोक कंटाळतात आणि इथेच पाय बरा होतो किंवा बिघडतो. जखमेवर नुसता कापसाचा बोळा बांधला तर सगळा भार त्या बोळ्यातून थेट जखमेवर जातो. त्याऐवजी जुन्या योगाच्या चटईचा किंवा तसल्याच मऊ फोमचा मेदूवड्याच्या आकाराचा तुकडा कापा. मधलं भोक खपलीपेक्षा थोडं मोठं हवं. आधी जखमेवर न चिकटणारं गॉज ठेवा, त्याखाली ही गोल गादी अशी बसवा की जखम भोकावर येईल, आणि स्वतःलाच चिकटणाऱ्या पट्टीने बोटांच्या मधून आडवीतिडवी गुंडाळत नडगीवर एक-दोन वेढे घ्या. आता भार भोवतालच्या चांगल्या कातडीवर पडेल आणि जखम अधांतरी राहील. तासाभराने बोटं बघा. सुजली किंवा गार पडली असतील तर पट्टी घट्ट झाली आहे, लगेच सोडा. पट्टी रोज किंवा दिवसाआड बदला. भिजली तर त्याच क्षणी बदला. कोकणातल्या पावसात ओली पट्टी ही पट्टी नसण्यापेक्षा वाईट, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये त्याला अंगणात सोडूच नका.

हळद-चुन्याबद्दल. नुसत्या हळदीने फार बिघडत नाही, पण चुना दाहक आहे, उघड्या जखमेत तो मांस भाजतो. स्टिरॉइड असलेलं खाजेचं मलम नको, त्याने पक्ष्याची स्वतःची झुंजण्याची ताकद मारली जाते. भाजल्यावर लावतात ते पिवळं नायट्रोफ्युराझोनचं मलम घरोघरी असतं, तेही नको. अंडी-मांस देणाऱ्या पक्ष्यांत या गटातल्या औषधांना मनाई आहे. वेदनेसाठी घरातली डायक्लोफेनॅकची गोळी चुकूनही देऊ नका, पक्ष्यांची मूत्रपिंडं त्याने निकामी होतात. आपली गिधाडं याच औषधाने संपत आली आणि म्हणून २००६ साली जनावरांसाठी ते बंद झालं. वेदना कमी करायला पक्ष्यांना चालणारी औषधं आहेत, ती डॉक्टर वजन बघून देतात.

अँटिबायोटिक कधीच लागत नाही असं मी म्हणत नाही. सूज पसरत असेल, पक्षी आजारी दिसत असेल किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर ते लागतं. पण कोणतं, किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवायचं, शक्य असेल तर जखमेचा नमुना तपासून. कॅप्सूल फोडून सामाईक पाण्यात टाकली की आजारी कोंबडा, जो कमी हलतो आणि कमी पितो, त्याला सर्वांत कमी औषध मिळतं आणि निरोगी कोंबड्यांना फुकट जास्त. त्यातून औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात, आणि ते तुमच्या परसातच राहतात, जिथे मुलं खेळतात. अंड्यांचं उत्तर त्यावरच अवलंबून आहे. तलंगेला नुसतं भिजवणं आणि पट्टी चालू असेल, पोटातून औषध नसेल, तर तिची अंडी खायला हरकत नाही. पोटातून किंवा इंजेक्शनने औषध दिलं, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा की अंडी किती दिवस टाकायची, आणि तेवढे दिवस ती खरोखर टाका. घरी नको म्हणून शेजाऱ्यांना किंवा कुत्र्याला देऊ नका. उकडल्याने औषधाचा अंश जातो, असं समजू नका.

आता खुराड्याकडे. तुमचे पक्षी रात्री आंब्यावर बसतात आणि सकाळी जांभ्या दगडाच्या अंगणात उतरतात, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या एका वाक्यात आहे. सव्वा-दीड किलोची गावठी कोंबडी फांदीवरून तरंगत उतरते. वनराजचा कोंबडा तीन किलोच्या वर सहज जातो, पंख त्याला पेलत नाहीत, तो पडतो. आणि जांभा किती खरखरीत असतो हे अनवाणी चालणाऱ्याला विचारावं लागत नाही. वनराज, गिरिराज अशा वजनदार जातींना संध्याकाळी झाडावर चढू देऊ नका. खुराड्यात दांडी दीड फुटाच्या वर नको, रुंदी दोन इंचांच्या आसपास, कडा घासून गोल केलेल्या. बारीक बांबू वापरू नका, त्यावर पाऊल वाकून राहतं, आणि जाड बांबू असेल तर त्याची पेरं तासून घ्या. दर पक्ष्याला वीतभर जागा हवी. दांडीखाली आणि दारासमोर, जिथे ते उतरतात तिथे, भाताचं तूस किंवा गवत टाका. अंगण सगळं उकरायची गरज नाही, फक्त उतरायची जागा मऊ करा. जाळीचा तळ असेल तर निदान निम्म्या भागावर रबरी चटई अंथरा.

तूस तीन-चार इंच जाड असू द्या आणि रोज दाताळ्याने वरखाली करा. मूठभर घेऊन आवळा, मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ते ओलं आहे, बदला. खुराड्यात वाकून कोंबडीच्या उंचीवर नाक न्या. तिथे डोळ्यांना झोंबलं तर ती दिवसरात्र तेच हुंगते, आणि तोच अमोनिया तिच्या तळव्याची कातडी खातो. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा, सांडून ओल होण्याचं मुख्य ठिकाण तेच.

खाणंही बघा. कोकणात अनेक घरी कोंबड्यांना फक्त तांदळाची कणी आणि उरलेला भात मिळतो. त्यात अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतं, आणि त्याविना कातडी कमजोर होते. पिवळा मका, शेवग्याचा पाला, हिरवा भाजीपाला यांनी ते भरून निघतं, त्यासाठी टॉनिकची बाटली लागत नाही. याउलट काही जण लवकर वजन वाढावं म्हणून या जातींना ब्रॉयलरचं खाद्य पोटभर घालतात. या जाती हिंडून-फिरून खाण्यासाठी काढल्या आहेत. बसून चरबी चढली की पाय जातो. कोंबड्याच्या छातीचं हाड चाचपा, ते बोटाला लागतच नसेल तर त्याचं खाद्य कमी करा.

बरा व्हायला आठवडे लागतात, दिवस नाही. आतून भरून वर नवी कातडी येईपर्यंत त्याला सोडू नका. आणि दर वेळी पट्टी बदलताना उजवा पायही बघा, कारण दुखरा पाय वाचवायला तो सगळा भार उजव्यावर टाकतो. डावा बरा होईपर्यंत उजवा गेला, हे मी फार वेळा पाहिलं आहे. उजव्या तळव्याला चकचकी दिसली तर त्यालाही तीच गोल गादी बांधा. बाकीच्या पक्ष्यांचे तळवे या आठवड्यातच तपासा आणि मग महिन्याला एकदा.

कापायचं की नाही, हा घरातला प्रश्न. तुमच्या वर्णनावरून कोंबडा खातोय, आरवतोय, सूज तळव्यापुरती आहे, तर त्याला संधी द्या, असे कोंबडे बरे होतात. पण सांधा सुजला, हाडापर्यंत गेलं आणि डॉक्टरांच्या उपचारानेही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर त्याला लंगडत ठेवून महिनोन्‌महिने यातना देऊ नका, डॉक्टरांकडून वेदनारहित शेवट करून घ्या. अशा अवस्थेतल्या पक्ष्याचं मांस खाऊ नये, संसर्ग रक्तात उतरलेला असू शकतो, आणि औषध चालू असेल तर प्रश्नच नाही. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, विहिरीपासून लांब.